जालन्यात गारठलेले जिताडे

जालना जिल्ह्यात समुद्र नाही, हे सांगायला भूगोलाचं पुस्तक लागत नाही. तरीही आमच्या खाडीतला मासा मला तिथे भेटला, आणि ज्या अवस्थेत भेटला ती बघून बसलेला धक्का घरी येऊन महिना होत आला तरी उतरलेला नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी रायगडच्या किनाऱ्यावरचा, आडनावाने म्हात्रे. जिताडा म्हणजे आमच्याकडे जावयाच्या पानात पडणारा मासा. जन्मतो खाऱ्या पाण्यात, पण गोड्यातही वाढतो, म्हणून हल्ली त्याची पिल्लं पार घाटावरच्या शेततळ्यांत जातात. ज्या केंद्रात ही पिल्लं तयार होतात तिथे मी त्यांना लस टोचतो. हसू नका. माशालाही लस असते, आणि ती पोटात, बारीक सुईने, एकेक पिल्लू हातात धरून द्यावी लागते. लशीत मेलेले जिवाणू असतात. ते बघून माशाचं रक्त त्या जिवाणूची ओळख लक्षात ठेवतं आणि त्याला धरणारी प्रतिपिंडं बनवतं. पुढे खरा जिवाणू शिरला की मासा तयार असतो. या तयारीला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक गिऱ्हाईकाला मी सांगतो, एकवीस दिवस पिल्लं वेगळी ठेवा, मग मोठ्या तळ्यात सोडा. वीस वर्षं हेच सांगतोय.

डिसेंबरात टोचलेली दोन हजार पिल्लं तीर्थपुरीजवळच्या एका गावात उत्तम गुरुजींकडे गेली. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आणि शाळा सुटल्यावर शेतकरी. जानेवारीच्या मध्यावर त्यांचा फोन आला, "साहेब, मासे गोल गोल फिरून मरून राह्यले."

"खायला कोण घालतं?" मी विचारलं.

"आमची मंडळी."

"मग जास्त घालत असतील हो. कुजलं असेल खाली."

फोन मानेत धरून, दुसरं काम करता करता मी हे बोललो. दहा-बारा दिवसांनी रक्त काढायच्या सुया, काचपट्ट्या आणि बर्फाचा डबा घेऊन निघालो, तेव्हा माझं वाक्य माझ्या आधी गावात पोचलेलं आहे याची मला कल्पना नव्हती.

तीर्थपुरीच्या फाट्यावर

जालन्याला उतरलो तो पहाटे, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. आमच्याकडे स्वेटर असतो तो महाबळेश्वरला गेलेल्या शेजाऱ्याकडे. स्टेशनबाहेर चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला तरी दात वाजायचे थांबेनात. चहावाल्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मुंबईकडचे दिसता पाव्हणे. शेकोटीला बसा बिनधास्त, तिला पैसे न्हाई लागत," तो म्हणाला.

तीर्थपुरीला एसटीतून उतरलो तर गुरुजी मोटारसायकल घेऊन उभे. पन्नाशीचा सडपातळ माणूस, गळ्यात मफलर, डोक्याला कानटोपी. "जय भीम साहेब," म्हणाले आणि माझ्या अंगाकडे बघून त्यांनी स्वतःची कानटोपी काढून माझ्या डोक्यावर घातली. दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा, मध्येच ज्वारीची रानं, आणि मी कानटोपीत थरथरतोय. इतका पुरावा अंगावर बाळगून माणूस किती मठ्ठ राहू शकतो, याचं उदाहरण हवं असेल तर मी आहे.

काळं तळं

आमच्याकडे मासळीचं तळं म्हणजे चिखल, खेकडे, काठाला तिवरं. इथे वावराच्या मधोमध उंच बांध चढून गेलो तर खाली काळं प्लास्टिक अंथरलेला प्रचंड खड्डा, त्यात काचेसारखं पाणी. मातीचा कण नाही. असल्या जागी मासा जगतोच कसा, असं मनात येतंय तोवर मला तो दिसला.

वीतभर लांबीचा जिताडा, पाण्याच्या वरच्या थरात, स्वतःभोवती भोवऱ्यासारखा फिरत होता. डोळे बाहेर आलेले, त्यांवर दुधी पडदा. थोडं फिरला, उलटा झाला, पुन्हा फिरायला लागला. पलीकडे आणखी दोन. काठाला प्लास्टिकच्या घडीत पांढरी पोटं वर करून किती पडले होते, ते मोजवेना. ज्याची लस मी टोचतो तो जिवाणू मेंदूत शिरला की मासा असाच फिरतो. मी फोटोत बघितलं होतं, पुस्तकात वाचलं होतं. मी टोचलेल्या माशाला हे होताना मी कधीच बघितलं नव्हतं. मी बांधावरच बसलो.

"पंधराशे सोडल्ते ह्या तळ्यात," गुरुजी म्हणाले. "हजाराच्या वर गेले. लहान होते ते पाचेकशे तिकडं छोट्या तळ्यात जाळीत ठेवलेत. ते अजून चांगले हायेत."

"या मोठ्या तळ्यात आधी काय होतं?"

"चिलापी."

चिलापीच्या, म्हणजे तिलापिया माशाच्या, अंगात हा जिवाणू गुपचूप राहतो, तिला काही होत नाही. म्हणजे रोग आला कुठून ते कळलं. पण याच रोगाची लस मी दिली होती, आणि गुरुजींनी पिल्लं बरोबर एकवीस दिवस त्या छोट्या तळ्यात वेगळी ठेवली होती. मग मासे मेले का?

"आता त्या पाचशेचं तरी सांगा," गुरुजी म्हणाले. "आन दुसरं म्हंजे..." ते थांबले. "आमच्या मंडळीनं दहा दिवस झाले, ह्या मोठ्या तळ्याकडं पाय टाकला न्हाई."

येसूर आणि बापूराव

घरी जेवायला बसलो. येसूर, म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्यांचं पीठ, घातलेली काळी आमटी, वर शेंगदाण्याच्या तेलाची तर्री, ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. नारळाचं नखभर खोबरं नाही. पहिल्या घासाला नाकातोंडातून पाणी आलं, तिसऱ्याला मी आणखी मागितली. सुमनताई, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, वाढत होत्या, पण माझ्याकडे बघत नव्हत्या. आमच्याकडे एवढ्या वेळात घरातल्या बाईने पाहुण्याची सात पिढ्यांची चौकशी केली असती.

तेवढ्यात शेजारच्या बागेचे मालक बापूराव आले. गावातले जुने बागाईतदार, आवाज असा की वावरातून घरात ऐकू यावा. "काय साहेब, सापडला का रोग? अवं, आम्ही तर पैल्यांदाच म्हणलो. बाईमाणसाची माया लई. लेकरावानी चारलं, आन मासे फुगून मेले. तुमीच सांगितलंय ना फोनवर?"

स्वयंपाकघरात ताटली जोरात खाली ठेवल्याचा आवाज झाला.

माझं ते एक वाक्य गुरुजींनी बापूरावांना सांगितलं होतं, बापूरावांनी पारावर, आणि मग ते पिठाच्या गिरणीपासून बुद्धविहारापर्यंत फिरलं होतं. गावात बायका सुमनताईंना "काय ताई, आज कोणाला चारलं?" असं विचारत होत्या, आणि ताईंनी रविवारी विहारात वंदनेला जाणंही बंद केलं होतं. हे सगळं गुरुजींनी नंतर हळू आवाजात सांगितलं. मला शरमेने जेवण जाईना.

हात धुतल्यावर मी ताईंना विचारलं, "किती घालत होता खायला?"

त्यांनी कपाटातून एक स्टीलची वाटी काढून माझ्या पुढ्यात आपटली. "ही वाटी. सकाळी खातच न्हाईत म्हणून दुपारी ऊन तापल्यावर घालायची. उरलं की चाळणीनं काढून घ्यायची. आता सांगा."

मी छोट्या तळ्यावर जाऊन जाळीचा तळ चाचपला. कुजलेला एक दाणा नव्हता. आमच्या केंद्रातली पोरंसुद्धा इतकं नीट खायला घालत नाहीत. बाईंचा दोष नव्हता, एवढं पहिल्याच दिवशी कळलं. मग कोणाचा, हे कळायला दुसरा दिवस लागला.

लवंगेचं तेल

माशाचं रक्त काढायचं तर त्याला गुंगी द्यावी लागते, आणि त्यासाठी पाण्यात लवंगेचं तेल टाकतात. माझी बाटली प्रवासात सांडली होती, पिशवीतले कपडे दंतवैद्याच्या दवाखान्यासारखे दरवळत होते. गुरुजींनी घरातली दातदुखीची कुपी दिली. "मासे बी दाढ काढायला आले म्हणा की," ते म्हणाले. त्या दोन दिवसांत ते तेवढेच हसले.

त्याच संध्याकाळी छोट्या तळ्यातून दहा मासे काढले. शेपटीजवळच्या शिरेतून थोडं थोडं रक्त घेतलं, ते रात्रभर गोठू दिलं आणि वर सुटलेलं पिवळसर पाणी वेगळं केलं. माशाची प्रतिपिंडं असतात ती या पाण्यात. आता काचपट्टीवर त्याचा एक थेंब, शेजारी माझ्याकडच्या मेलेल्या जिवाणूंच्या दुधट पाण्याचा एक थेंब, दोन्ही एकत्र करून पट्टी हलवायची. प्रतिपिंडं असली तर ती जिवाणूंना एकमेकांना चिकटवतात आणि लिंबू पिळलेल्या दुधासारखे बारीक कण दिसतात. नसली तर थेंब तसाच दुधट राहतो. साध्या डोळ्यांना दिसतं.

सकाळच्या उन्हात ओट्यावर सतरंजी टाकून बसलो. बापूराव होतेच. सुमनताई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

आधी बर्फाच्या डब्यातून आणलेला, आमच्या किनाऱ्यावरच्या टोचलेल्या माशाचा थेंब. पट्टी हलवली आणि बघता बघता कण धरले. "फाटलं की!" बापूराव म्हणाले. म्हणजे माझं सामान ठीक होतं.

मग इथला पहिला मासा. दुधट. दुसरा, दुधट. पट्टी उन्हात धरली, पुन्हा हलवली. पाचवा, सहावा. दहावाही तसाच. दहाच्या दहा कोरे. मी स्वतःच्या हाताने टोचलेले मासे, महिन्यावर दिवस उलटले, आणि त्यांच्या रक्ताला त्या जिवाणूची ओळखच नाही. पंचवीस वर्षं संसार केलेल्या माणसाला बायकोने तुम्ही कोण म्हणून विचारावं, तसं.

"लस खराब हुती मंग," बापूराव म्हणाले. कालचा आरोप त्यांनी तितक्याच सहजपणे दुसरीकडे टाकला.

पण त्याच बाटलीतली लस किनाऱ्यावरच्या माशांना दिली होती. कण धरले होते ते त्यांचेच. मी पहिल्या माशाचा थेंब पुन्हा पट्टीवर घेतला.

तेव्हा सुमनताई पहिल्यांदा आपणहून बोलल्या. "हौदातले बघितले का?"

हौद

घराच्या मागे बोअरचा सिमेंटचा हौद. लाईट असली की बोअरचं पाणी हौदात पडायचं आणि तिथून मोसंबीला जायचं. डिसेंबरात पिल्लं आली तेव्हा त्यांतली वीस-बावीस आडवी पडली होती. गुरुजी फेकून द्या म्हणाले होते. ताईंना ते जमलं नाही. धुणं धुताना डोळ्यासमोर राहतील म्हणून त्यांनी ती या हौदात सोडली आणि कोणाला सांगितलं नाही.

मी हौदात डोकावलो तर मासे छोट्या तळ्यातल्या माशांच्या दीडपट होते. चपळ, तुकतुकीत, सावली पडताच सुळकन पळणारे. पाण्यात हात घातला आणि दचकून बाहेर काढला. पाणी कोमट होतं.

"बोअरचं पाणी हिवाळ्यात असंच ऱ्हातं," ताई म्हणाल्या. जगातली सगळ्यात साधी गोष्ट सांगावी तसं.

तीन मासे धरले, रक्त काढून गोठू दिलं आणि तिथेच धुण्याच्या दगडावर काचपट्टी ठेवली. पहिल्याच थेंबाला कण धरले. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला इतके दाट की गुरुजी "अरे बाप रे" म्हणत खाली वाकले.

मी पिशवीतून तापमापक काढला. हौदात सव्वीस अंश. छोट्या तळ्याकडे धावत गेलो. सकाळचे दहा वाजून गेले होते तरी पारा अठराच्या वर जाईना.

आणि मग मला शिकताना वाचलेलं एक पान आठवलं. मासा थंड रक्ताचा. पाणी गार तर त्याचं रक्त गार, आणि गार रक्त लशीला उत्तर द्यायला महिने लावतं, आणि मुळात उबदार पाण्यात राहणारा मासा फारच गारठला तर उत्तर देतच नाही. माशाच्या लशीचे नुसते दिवस मोजायचे नसतात, दिवस आणि पाण्याची ऊब यांचा गुणाकार मोजायचा असतो. मला हे ठाऊक होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण आमच्या खाडीचं पाणी बारा महिने उबदार, त्यामुळे गुणाकार करायची वेळच आली नाही, आणि हळूहळू माझ्या डोक्यात नुसते एकवीस दिवस उरले. तेच एकवीस दिवस मी जालन्याच्या हिवाळ्याला पाठवून दिले. ज्या दिवशी गुरुजींनी माझा शब्द प्रमाण मानून ते मासे मोठ्या तळ्यात सोडले, त्या दिवशी त्यांच्या अंगात काहीही तयार नव्हतं.

हे मी हौदाच्या कठड्यावर बसून गुरुजींना सांगितलं. त्यांनी हौदाच्या पाण्यात हात घालून बघितला.

"साहेब," मग ते म्हणाले, "मी फोन केल्ता तुम्हाला. मासे सोडायच्या आधी."

"कधी?"

"हिनंच करायला लावल्ता. पाण्यात हात घालून म्हणाली, मासे गारठलेत, अंगावर काटा आल्यावानी बसून ऱ्हातेत, साहेबाला इचारा अजून थोडे दिवस ठेवू का. तुम्ही हसले."

मला आठवलं. मी म्हणालो होतो, "अहो गुरुजी, माशाला कसली आलीये थंडी? वहिनींना सांगा, स्वेटर विणू नका." नंतर चहाच्या वेळी हा किस्सा मी केंद्रात सगळ्यांना सांगितला होता, आणि सगळे पोट धरून हसले होते.

सुमनताई समोर उभ्या होत्या. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "हितं सांगितलं, बरं झालं. पण माझी बदनामी हितं न्हाई झाली, गावात झाली. उद्या रविवार हाये. चला."

रविवार

विहार छोटा आहे, स्वच्छ, निळ्या रंगाचा. वंदना झाली. पुढे मुलं, एका बाजूला पांढऱ्या लुगड्यातल्या बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. दाराबाहेर चपला काढायच्या जागी बापूराव उभे होते. येऊ नका म्हणायचं कोणाच्या मनात नव्हतं आणि आत या म्हटल्यावर ते आलेही नाहीत. गुरुजींनी सांगितलं की पाहुणे दोन शब्द बोलतील.

मी उभा राहिलो आणि लस म्हणजे काय इथून सुरुवात केली. जिवाणू, रक्त, प्रतिपिंडं, पाण्याचं तापमान, सगळं सोपं करून सांगितलं. चांगलं बोललो. लोक माना डोलावत होते. हवामानाचा परिणाम, नवीन प्रयोग, अनुभवातून शिकणं, असं बोलत बोलत मी शेवटाकडे येत होतो.

तेवढ्यात बायकांमधून सुमनताईंचा आवाज आला. "दादा, ते सारं बराबर हाये. चूक कोणाची झाली ते सांगायचं राह्यलं."

मी इतकं बोललो होतो ते काय टाळायला, हे त्या बाईने एका वाक्यात सगळ्यांसमोर ठेवलं होतं.

"माझी," मी म्हणालो. "ताईंनी वेळेत सांगितलं होतं. मी त्यांना हसलो. हजार मासे माझ्यामुळे मेले. त्यांनी खायला बरोबर घातलं होतं."

मग पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने मागे वळून ताईंकडे बघितलं आणि सरकून स्वतःशेजारी जागा केली. ताई उठून तिथे जाऊन बसल्या. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

बाहेर आलो तर बापूराव चप्पल पायाने इकडून तिकडे सरकवत उभे. "गुरुजी, माझ्या बोअरवरचा हौद बी रिकामाच हाये," ते म्हणाले. "मोसंबीला पाणी द्यायचंच हाये, मासे त्यातून फिरून गेले तर काय बिघडतं? पण मेले तर माझ्यावर बोट नका दाखवू."

"न्हाई दाखवत," सुमनताई म्हणाल्या. "ते कसं असतं, मला म्हाईत हाये."

बापूराव खाली बघून चप्पल घालत राहिले.

दुपारी छोट्या तळ्यातले मासे बादल्याबादल्यांनी दोन हौदांत हलवले. मी पुन्हा लस टोचली, पाचशेला दहा-बारा कमी. ताई एकेक मासा गुंगीच्या पाण्यातून काढून माझ्या हातात देत होत्या आणि टोचलेला परत घेत होत्या. मोठ्या तळ्यातल्यांसाठी मला काही करता आलं नाही. जे मरायचे ते मरत राहिले. संध्याकाळी वावरात कोवळ्या ज्वारीचा गरमागरम हुरडा आणि दही खायला बसलो. इतकी गोड चीज मी जन्मात खाल्ली नव्हती, आणि मला ती खाताना रडू येत होतं, तेही लिहून टाकतो.

निघताना तापमापक, काचपट्ट्या, सुया आणि मेलेल्या जिवाणूंची बाटली ताईंकडे ठेवली. रक्त काढायचं त्यांना शिकवलं होतं. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता.

परवा फोन वाजला. नंबर गुरुजींचा, पण बोलत होत्या सुमनताई. आजवर त्यांनी मला कधी स्वतः फोन केला नव्हता.

"दादा, बावीस दिस झाले. हौदात पाणी सव्वीसच हाये. दहा मासे तपासले, सात फाटले, तीन न्हाई फाटले. बापूराव म्हणतेत, आता सोडून द्या. काय करू?"

पाठ झालेलं उत्तर तोंडाशी आलं होतं. ते मी गिळलं.

"तुम्हाला काय वाटतं, ताई?"

पलीकडे हौदाच्या पाण्यात हात घातल्याचा आवाज आला.

"अजून न्हाई सोडायचे," त्या म्हणाल्या. "त्या तिघांचं व्हऊ द्या."

"मग नका सोडू," मी म्हणालो.